येऊ घातलेला कॅमेरा

बँकेच्या काउंटरवर बसून मी माणसांचे दोनच प्रकार पाडले आहेत. एक, ज्यांचे पैसे आलेले असतात. आणि दोन, ज्यांचे पैसे यायचे असतात. अनुभवाने सांगतो, दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे चेहरे जास्त तजेलदार. ज्याचे आले तो स्लिप भरतो, नोटा दोनदा मोजतो, 'एवढेच?' असा चेहरा करतो आणि जातो. ज्याचे यायचे असतात, मग ते सोयाबीनचे असोत, पीकविम्याचे असोत, की भावकीतल्या वाटणीचे, तो बाकावर ऐसपैस बसतो, प्यूनला तंबाखू देतो आणि पैसे आल्यावर काय काय करणार ते सगळ्या ब्रँचला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. पैसे येईपर्यंत त्याच्याइतका श्रीमंत माणूस मेहकर तालुक्यात नसतो.

मी या दुसऱ्या प्रकारात मोडतो. फरक इतकाच, की माझा कॅमेरा यायचा आहे.

कोणता कॅमेरा, हे सांगितले की लोक हसतात, म्हणून आधी गावाचे सांगतो. आमचे हिवरा आश्रम म्हणजे शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे नावारूपाला आलेले गाव. वर्षातून एकदा विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, तेव्हा इथल्या शेतात पंगती बसतात. पंगत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लग्नातली पंगत आली असेल तर ती पुसून टाका. इथे पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात. पंगतीचे दुसरे टोक दिसत नाही, नुसते असल्याचे कळते. धूळ, ऊन, ट्रॅक्टरवर उभा राहून पुऱ्या वाटणारा पोरगा, आणि खाली हात पुढे केलेली एक म्हातारी. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हाच ठरवले, की याचा फोटो काढायचा. साध्या कॅमेऱ्याने नव्हे, रेंजफाइंडरने. तेव्हापासून दरवर्षी उत्सव होतो, म्हातारी येते, पुऱ्या वाढल्या जातात. मी कॅमेरा यायची वाट पाहत पुऱ्या खातो.

रेंजफाइंडरची बाधा मला आमच्या स्टुडिओवाल्या भाऊंमुळे झाली. त्यांच्या कपाटात, आधार कार्डाच्या लॅमिनेशनच्या पाकिटांमागे, एक याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. मूळ मॉडेल १९६६ सालचे, जपानी. तिला पाऱ्याची बॅटरी लागते आणि पाऱ्याच्या बॅटऱ्या निघायच्या बंद झाल्या, त्यामुळे ती आता फक्त डोळा लावून बघण्याच्या कामाची. एका दुपारी लाइट गेले असताना भाऊंनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाहा त्याच्यातून. हलक्या हातानं भिंग फिरवा."

मी पाहिले. समोर रस्त्यावर उभा असलेला रसवंतीवाला मला दोन दिसला. एक ठळक आणि एक अंगातून निघाल्यासारखा पुसट. भिंग फिरवले तसा पुसट रसवंतीवाला सरकत सरकत ठळक रसवंतीवाल्याच्या अंगात शिरला, आणि एक क्षण असा आला की दोघांचा एक झाला. अगदी मिशीसकट. भाऊ म्हणाले, "झाला फोकस. आता दाबा." रोल नव्हता तरी मी दाबले.

यामागचे शास्त्र मी नंतर समजून घेतले. कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात, थोड्या अंतरावर. दोन्हींतून दिसणारी चित्रे आतल्या आरशाने एकत्र केली जातात. वस्तू जितकी जवळ तितका दोन चित्रांत फरक जास्त. भिंग फिरवून ती एकावर एक आणली की अंतर बरोबर. जर्मनीतल्या व्हेट्झलार गावच्या लायका कंपनीच्या 'एम' जातीच्या कॅमेऱ्यात या दोन खिडक्यांमधले अंतर सुमारे सात सेंटिमीटर आहे. आपल्या दोन डोळ्यांतले अंतर साधारण तेवढेच, किंचित कमी. म्हणजे देवाने जे यंत्र प्रत्येकाला फुकट बसवून दिले आहे, तेच जर्मन माणूस पितळेत बसवून देतो आणि त्याचे पैसे घेतो. माझी काही तक्रार नाही. देव वॉरंटी देत नाही.

आता खरा मुद्दा. याशिका चालत नव्हती आणि रोल धुणारे जवळपास कोणी उरले नव्हते. तेव्हा माझ्या मनाने घेतले, की डिजिटल रेंजफाइंडर घ्यायचा. नुसते मनाने घ्यायला पैसे लागत नाहीत.

या जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर २००४ साली एप्सन कंपनीने काढला. होय, प्रिंटरवाली एप्सन. त्या कॅमेऱ्यात रोल नव्हता, पण प्रत्येक फोटोआधी रोल ओढल्यासारखी अंगठ्याने चावी द्यावी लागे. वरती घड्याळासारखे काटे. हे मला फार आवडले होते. आमच्या बँकेत सगळे काम कॉम्प्युटरवर गेले तरी जुने हेडकॅशिअर बरीच वर्षे टोटल लावताना बोटांची पेरे मोजत, त्याची आठवण झाली. मग २००६ च्या सप्टेंबरात लायकाचा 'एम ८' आला. त्याआधी कित्येक वर्षे जाणकार सांगत होते, की हे होणे नाही. या कॅमेऱ्याचे भिंग सेन्सरला इतके चिकटून असते की कोपऱ्यांत प्रकाश तिरपा पडेल आणि फोटोच्या कडा काळवंडतील. कंपनीने सेन्सरवरची इवली भिंगे कडेकडेला सरकवून ते जमवले. जमवले खरे, पण घाईत दुसरेच झाले. काळे कृत्रिम कापड या कॅमेऱ्यात जांभळे दिसू लागले! नवरदेवाचा काळा सूट जांभळा, वकिलाचा कोट जांभळा. शेवटी कंपनीने प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन-दोन फिल्टर फुकट दिले. (आमच्या शेजारचे लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा भाऊ पहिल्यांदा हेच म्हणाले, "फोटो कुन्या कॅमेऱ्यानं काढला ते आधी इचारा." पण ते खरोखरच गुलाबी झाले होते. पाणी आटून खारेपणा वाढला, त्यात एक सूक्ष्म जीव माजला आणि त्याने रंग दिला.)

तर, 'एम ८' २००६ मध्ये. 'एम ९' बरोबर नवव्या वर्षी, नवव्या महिन्यात, नऊ तारखेला, २००९ साली. जर्मन माणसालाही मुहूर्त लागतो हे त्या दिवशी कळले. मग सगळे 'एम १०' ची वाट पाहू लागले, तर २०१२ मध्ये आला तो नुसताच 'एम'. आकडाच नाही. वर्गात रोल नंबर न लावता घेतलेल्या पोरासारखा. दहावा यायला २०१७ चा जानेवारी उजाडला आणि अकरावा २०२२ च्या जानेवारीत आला.

बी. कॉम. ला स्टॅटिस्टिक्समध्ये मला जेमतेम पास करणाऱ्या सरांनी हे पुढले वाचावे. दोन कॅमेऱ्यांमधली अंतरे पाहा: तीन वर्षे, तीन वर्षे, पाच वर्षे, पाच वर्षे. यापुढचा आकडा कोणता? माझे म्हणणे, सात. म्हणजे बारावा २०२९ ला. भाऊंचे म्हणणे, पाच-पाच अजून संपलेले नाही, २०२७ धरा. आमच्या ब्रँचचे कॅशिअर, ज्यांना कॅमेऱ्यातले काडीचे कळत नाही पण मतदानाचा हक्क सोडवत नाही, ते म्हणत, "निवडणुका पाहून काढतील."

बँकेसमोरच्या टपरीवर आमची ही बैठक दुपारी अडीचला भरे. अंदाजाला आधार लागतो आणि आमच्याकडे आधार म्हणून मोबाईलवर आलेल्या बातम्या असत. कुठल्याशा देशाच्या वायरलेस परवान्याच्या सरकारी यादीत एक अनोळखी नंबर दिसला, की जगभरचे शहाणे त्यावरून कॅमेऱ्याचे वजन सांगू लागत. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. शेतात गोल करून धान्ये ठेवायची, मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, भजी, करंजी. रात्रभर तिकडे कोणी जायचे नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, करंजी हलली की जागच्या जागी आहे, यावरून वर्षाचा पाऊस, पीक आणि दिल्लीची गादी सांगतात. लोक लांबून ऐकायला येतात. मग वायरलेसच्या परवान्यावरून कॅमेरा सांगणारा शहाणा काय वेगळे करतो? एकदा आम्हीही टपरीच्या बाकावर घट मांडला. ग्लुकोज बिस्कीट म्हणजे सेन्सर, सुपारी म्हणजे भिंग, मध्ये चहाचा कप. टपरीवाल्याच्या पोराने सेन्सर खाल्ला. भाऊंनी भाकीत केले, यंदा कॅमेऱ्यातून काहीतरी जाणार.

या भाकिताची पुढे आठवण ठेवा.

किमतीबद्दल मी एवढा वेळ बोललो नाही, कारण तिथे घसा कोरडा पडतो. 'एम ८' अमेरिकेत ४,७९५ डॉलरला निघाला आणि 'एम ११' ८,९९५ ला. यात भिंग धरलेले नाही. भिंग वेगळे, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे सहा-सात लाख रुपये मोजून तुम्ही जो घरी आणता तो आंधळा कॅमेरा! मी एके दिवशी कामाच्या वेळेत (मॅनेजरसाहेब रजेवर होते) हिशेब मांडला. २००६ चा डॉलर शेहेचाळीस रुपयांचा धरला, २०२२ चा साडेचौऱ्याहत्तरचा. रुपयांत या कॅमेऱ्याची किंमत दरसाल सरासरी सव्वासात टक्क्यांनी, चक्रवाढ, वाढली आहे. सव्वासात टक्के! हा बँकेच्या बऱ्या दिवसांतला मुदतठेवीचा दर. म्हणजे मी आणि कॅमेरा एकाच रस्त्यावर एकाच वेगाने चाललो आहोत. तो पुढे, मी मागे, आणि अंतर जन्मभर तेवढेच. कस्टम ड्युटी यात धरली नाही. माणसाने स्वतःशी किती निष्ठुर व्हायचे त्याला मर्यादा असते.

तरीही २०२० च्या नोव्हेंबरात मी पाच वर्षांचे रिकरिंग उघडले, महिना दोन हजार. पावतीवर आमच्या हिने पेन्सिलीने 'कॅमेरा' असे लिहिले आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. पेन्सिलीने का, असे विचारले तर म्हणाली, "खोडता येतं."

हिला मी एकदा कनु गांधींची गोष्ट सांगितली. सेवाग्रामच्या आश्रमात महात्माजींचे फोटो काढायची त्यांना फार इच्छा. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यात कॅमेरा आला. महात्माजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम यासाठी एक पैसा देणार नाही. मला वाटले, एवढा उदात्त दाखला ऐकून ही विरघळेल. ती म्हणाली, "पहिल्या दोन अटी तुम्ही ठरवा. तिसरी मला मान्य आहे."

आता आबांचे सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यांना सगळ्यात आधी. पण ऑपरेशनचे नाव काढले की म्हणत, "थांब जरा. पुढच्या वर्षी नवीन मशीन येऊन राह्यलं. सुई नाही, टाका नाही, पट्टी नाही. चिखलीच्या गाडीत एक माणूस सांगे." पुढच्या वर्षी तो माणूस दुसऱ्या गाडीत भेटे आणि मशीन आणखी एक वर्ष पुढे जाई. मला त्यांचा राग येई. येणाऱ्या मशीनच्या भरवशावर माणसाने डोळा असा खराब होऊ द्यावा? एवढा शिकलेला माणूस! असे मी टपरीवर भाऊंना तावातावाने सांगितलेही. भाऊंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि चहा सांगितला.

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. गच्चीवर दूध आटवले, चटई टाकली. आबा चंद्राकडे पाहून म्हणाले, "मले दोन दिसतात."

"दोन कसे?"

"एक पक्का आन् एक त्याच्या बगलेत, कच्चा. नवीन नाही, चार महिने झाले. दोन दिसतात त्यात काय बिघडलं? कमी तं नाही दिसत!"

डावा डोळा हाताने झाकायला सांगितले. तरी दोनच. मोतीबिंदूत एका डोळ्यालाही असे दिसते, हे मला नंतर कळले. नेत्रमणी सगळीकडे सारखा गढूळ होत नाही, प्रकाश दोन वाटांनी फुटतो. त्या वेळी मात्र माझ्या डोक्यात भलतेच आले. याशिकातून पाहिलेला तो रसवंतीवाला. मी आबांना म्हणालो, "आबा, तुम्हाला रेंजफाइंडर झालाय." हे म्हणून मीच हसलो. आबांनाही मजा वाटली. त्यांनी दूध प्यायला ग्लास उचलला आणि त्यांचा हात ग्लासाच्या शेजारच्या हवेवर बंद झाला. पुन्हा उचलला तेव्हा बरोबर सापडला. कोणी काही बोलले नाही.

दिवाळीत, बरोबर भाऊबीजेच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला कॅमेऱ्याची बातमी आली. लायकाने नवा 'एम' काढला. नाव 'एम ईव्ही १'. मी बहिणीच्या पाटावर बसूनच बातमी वाचली. किंमत पुन्हा ८,९९५ डॉलर. आणि त्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडर नव्हता! खिडकी काढून टाकून तिथे एक इवला पडदा बसवलेला. डोळा लावायचा, पडद्यावर पाहायचे, दोन छब्या नाहीत, काही जुळवायचे नाही. ओवाळून घेऊन मी तसाच भाऊंच्या घरी फोन केला. भाऊ म्हणाले, "बिस्कीट कुनी खाल्लं होतं, आठवते ना?"

तसे पाहिले तर या कॅमेऱ्याने हळूहळू संन्यासच घेतला आहे. २०१२ मध्ये त्याचा एक भाऊ निघाला त्याने रंग सोडला, फक्त काळेपांढरे फोटो. २०१६ मध्ये एकाने पाठीवरचा पडदा सोडला, काढलेला फोटो बघायची सोयच नाही. आणि आता याने स्वतःची ओळखच सोडली. प्रत्येक त्यागाला किंमत मात्र भरपूर. मी वीस वर्षे आश्रमाच्या गावात काढली, पण इतका महागडा वैराग्याचा मार्ग पाहिला नव्हता. अर्थात रेंजफाइंडरवाले जुने मॉडेल कंपनीने बंद केलेले नव्हते, बारावा अजून यायचा होताच. पण दोनाचा एक होण्याची ती गंमत आता पर्यायी ठरली, याने मी खचलो. दोन दिवस अनारसेही गोड लागले नाहीत.

नोव्हेंबर उजाडला. आमच्या धंद्यात नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी यादीत आपले नाव शोधून पुढे सही करतात, म्हणजे आणखी एक वर्ष जिवंत ठरतात. तोंडाकडे पाहून फोनवर दाखला निघायची सोय झाली आहे, पण आमच्याकडच्या मास्तर मंडळींना सहीशिवाय जिवंत वाटत नाही. आबा सकाळीच आले. इस्त्रीचे धोतर, खिशाला पेन. शेजारी आणखी दोन मास्तर. मी काउंटरवर असलो की आबा मला घरच्यासारखे बोलत नाहीत, 'साहेब' म्हणतात. यात थोडी थट्टा असते आणि थोडा अभिमान, कोणते किती ते मी कधी तपासले नाही.

यादीत त्यांनी सही केली ती खालच्या नावापुढे. खालचे मास्तर अजून यायचे होते, ते न येताच जिवंत झाले. मी खोडून बरोबर जागी बोट ठेवले, तेवढे भागले. मग पैसे काढायची स्लिप. सही पडताळणे हे काम कसे चालते सांगतो: स्क्रीनवर खातेदाराची जुनी सही येते, हातात स्लिपवरची नवी असते, आणि ती दोन डोळ्यांपुढे धरून एकावर एक बसतात का पाहायचे. बसल्या की पैसे द्यायचे. आबांची जुनी सही मी लहानपणी प्रगतिपुस्तकावर हजारदा पाहिलेली, चोरून गिरवलेलीही. त्यातला 'र' जिलबीसारखा. स्लिपवर मात्र दोन ओळींत चढून उतरलेले काहीतरी होते. घरच्या माणसाचे व्हाउचर मी पास करत नाही. मी ते शेजारच्या टेबलावर दिले. तिथल्या बाईंनी स्लिपकडे पाहिले, स्क्रीनकडे पाहिले, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "सर, परत एकदा घेता का?"

आबा भडकले. "मी जिता हाव हे तुमीच आता लिहून घेतलं ना? मंग पैसे काहून नाही?" मागचे मास्तर हसले. दुसऱ्या स्लिपवरची सही छापील अक्षरांवर गेली. तिसरी स्लिप मी दिली तेव्हा आबा हसायचे थांबले होते. पेन कागदाच्या वर धरून बराच वेळ थांबले आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असे म्हणाले, "बाबू, रेघ कोनती खरी रे? वरची का खालची?"

बँकेत मला ते कधीच बाबू म्हणत नाहीत.

त्या दिवशी माझे रिकरिंग पुरे झालेच होते. एक लाख अडतीस हजार आणि वर काही. मी संध्याकाळी हिच्याकडून खोडरबर मागितले. तिने काहीच न विचारता दिले, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

दवाखान्यात फॉर्मवर लावायला आबांचा फोटो मागितला. घरात शोधला तर सगळ्यात नवा सापडला तो निवृत्तीच्या निरोपसमारंभातला, हार घातलेला, डोक्यावर केस असलेला. घरात फोटोग्राफीवर वर्षानुवर्षे एवढी चर्चा चालते आणि बापाचा एक धड फोटो नाही! कारण उघड होते. तो चांगल्या कॅमेऱ्याने काढायचा होता. शेवटी दवाखान्याच्या जिन्यात, सलाईनच्या स्टँडशेजारी उभे करून मोबाईलने काढला. आबा म्हणाले, "हसू का?" मी म्हणालो, "पोझ नको." ते तरीही हसले.

डॉक्टरांनी भिंगांचे प्रकार आणि किमती सांगितल्या, त्यात माझा जीव रमला. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा इतिहास कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चक्रावून टाकणारा आहे. लंडनचे हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांच्या लक्षात आले, की महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळा ते निमूट सहन करतो. मग त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून १९४९ मध्ये माणसाच्या डोळ्यात बसवले. आपल्याकडे ही भिंगे बराच काळ परदेशातून येत आणि ज्याला परवडत नाही त्याला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. १९९२ पासून मदुरैच्या ऑरोलॅबने ती इथेच करायला घेतली आणि किंमत पार दहाव्या हिश्शाच्या आसपास आली. आबांचे सगळे मिळून जे बिल झाले, त्यात त्या जर्मन कॅमेऱ्याचा गळ्यात अडकवायचा चामडी पट्टा आला असता. बकल बहुधा वेगळे.

आबांनी डॉक्टरांना शेवटचा प्रश्न विचारलाच. "डाक्टरसाहेब, पुढच्या वर्षी याच्याहून चांगलं येईन ना?"

"येईल की. दरवर्षी येतं."

"मंग थांबू का?"

"तुमचा नंबर सातवा आहे. कपडे बदला," डॉक्टर म्हणाले आणि आठव्याला हाक मारली.

वीस मिनिटांत आबा काळा चष्मा लावून बाहेर आले. थेंब घालायचे वेळापत्रक मी लेजरच्या कागदावर आखले होते. तारीख, वेळ, उजवा, सही. आठवड्याने बँकेत येऊन त्यांनी चौथी स्लिप भरली. जिलबीसारखा 'र' परत आला होता. शेजारच्या बाईंनी पास केली. आबांनी पैसे मोजले, "एवढेच?" असा चेहरा केला आणि गेले.

दत्तजयंतीला, ४ डिसेंबरला, आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. थंडी होती, आबांनी कान बांधले होते. चंद्र वर आला तसे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले.

"किती?" मी विचारले.

"एकच हाये." आवाजात किंचित निराशा होती. मग त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने पाहिले. "याच्यात अजून दीड दिसते."

"मग तोही करून घेऊ. पैसे आहेत."

"थांब जरा. घाई काहून करतं? पुढच्या वर्षी ते मशीन येऊनच राह्यलं म्हणतात." त्यांनी हात खाली घेतला. "तुह्या कॅमेऱ्याचं काय झालं?"

"पुढच्या वर्षी येईल म्हणतात."

"मंग ठीक हाये," आबा म्हणाले आणि मफलर घट्ट करून पुन्हा चंद्राकडे पाहू लागले.